ईस्टरची अंडी ४० रुपयांना विकू नका

मागच्या व्हिडिओत आपण अंड्याच्या कवचापासून ईस्टरचं डेकोरेशन केलं. ते बघून "एवढं सोपं आहे, मग विकूनच बघू" असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात आलं असणार. विका, जरूर विका. पण बाजारात चाळीसला मिळतं म्हणून आपणही चाळीसच लावणार असाल, तर या धंद्यात पडू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

कृती थोडक्यात परत सांगतो. पांढऱ्या अंड्याच्या दोन्ही टोकांना जाड सुईने भोक पाडायचं, एक जरा मोठं. सुईनेच आतला बलक फोडायचा आणि फुंकर मारून सगळं बाहेर काढायचं (त्या दिवशी घरात भुर्जी ठरलेली). कवच आतून धुऊन नीट वाळवायचं. कांद्याची सालं अर्धा तास उकळून पाणी गाळायचं, त्यात चमचाभर व्हिनेगर. कवचावर कोथिंबिरीचं पान चिकटवून जुन्या स्टॉकिंगच्या तुकड्यात घट्ट बांधलं आणि मग बुडवलं, की विटकरी रंगावर पानाची फिकट नक्षी राहते. पोकळ अंडं तरंगतं, म्हणून वर वाटी ठेवायची.

आता हिशोब. समजा १२ अंडी घेतली, ८४ रुपये. रिबन, मणी ४५. खोका ४०. गॅस, व्हिनेगर वगैरे २०. झाले १८९. तुमचे चार तास गेले. तासाला ८० रुपये धरले तर ३२०. एकूण ५०९. आणि नवीन माणसाच्या हातून १२ पैकी तीन तरी फुटतात. उरली नऊ. म्हणजे एक अंडं साधारण ५७ रुपयांना पडलं, अजून नफा धरलेलाच नाही! "घरीच तर बसले होते, माझ्या वेळेचे कसले पैसे" हे वाक्य मी वर्कशॉपमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. वेळ धरला नाही तर तुम्ही गिऱ्हाइकाला स्वतःच्या खिशातून पैसे देताय.

मग जास्त पैसे कोण देणार? ज्याच्या घरी खरंच सण आहे तो. वसई, वांद्रे, पुण्याचा कॅम्प, गोवा. गुलाबी ससे मॉलमध्ये ढीगभर मिळतात, त्यांच्याशी तुम्ही भावात जिंकणार नाही. ख्रिस्ती घरात ईस्टर म्हणजे येशूचं पुनरुत्थान, आणि कॅथलिक चर्चमध्ये त्या दिवसाचा रंग पांढरा आणि सोनेरी. त्याआधीचा प्रायश्चित्तकाळ जांभळा. हे माहीत असलेला विक्रेता अल्तारजवळ ठेवायला पांढऱ्या-सोनेरी कागदी लिलीचा गुच्छ करेल, सजवलेली मेणबत्ती करेल. "हॅपी गुड फ्रायडे" लिहिलेलं तोरण करणार नाही. तो दुःखाचा दिवस आहे, एका तोरणाने अख्खी वाडी तुमच्यापासून तुटेल. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या आशीर्वादित झावळीचे क्रॉस करून विकायचा विचारही नको. ती घरात जपून ठेवतात, पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारसाठी अशाच झावळ्या जाळून राख करतात.

तारीखही दरवर्षी सरकते, कारण ती पौर्णिमेवर ठरते. २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यात कधीही. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला. "ईस्टर एप्रिलमध्येच असतो" असं धरून बसलात तर सण झाल्यावर तुमचा माल तयार होईल. आणि सजावट घरात लागते ती शनिवारच्या रात्रीपासून. पवित्र आठवड्यात लोक चर्चमध्ये असतात, तुमच्या डिलिव्हरीची वाट बघत नसतात. माल झावळ्यांच्या रविवारच्या आत, म्हणजे २१ मार्चच्या आत पोचला पाहिजे.

म्हणून आधी २०० नग करून कपाटात भरू नका. जानेवारीत तीनच नमुने करा: अंड्यांचा सेट, लिली, मेणबत्ती. स्वच्छ उजेडात फोटो काढा, ओळखीच्या दोन-चार घरांत प्रत्यक्ष दाखवा. त्यांनी "हे असं नको" म्हटलं तर ते लिहून घ्या. ऑर्डर अर्धे पैसे आगाऊ घेऊनच धरायची. आणि अंडी कुरियरने पाठवायची नाहीत, स्वतः नेऊन द्यायची. लांबच्या गिऱ्हाइकाला लिली पाठवा.