धावपटूंच्या गावातील यजमान

केनियातील इटेन हे समुद्रसपाटीपासून सुमारे 2400 मीटर उंचीवर, केरिओ खोऱ्याच्या कड्यावर वसलेले छोटे गाव आज जगभरच्या धावपटूंचे तीर्थक्षेत्र झाले आहे. तेथील सेंट पॅट्रिक्स विद्यालयात 1976 साली शिक्षक म्हणून आलेले आयरिश धर्मबंधू कोल्म ओकॉनेल यांनी घडविलेल्या विद्यार्थ्यांपैकी पीटर रोनो याने 1988 साली सोल येथे 1500 मीटरचे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. पुढे लोर्ना किप्लागाट या नामवंत धावपटू महिलेने गावात सराव-केंद्र उभारले. मो फाराहसारखे विजेते येथे सरावासाठी येऊन राहिले आणि त्यांच्या पाठोपाठ पैसे मोजून येणारे हौशी धावपटूही येऊ लागले.

या पाहुण्यांमुळे गावात पैसा येतो, स्वयंपाकी, मालीशवाले, वाहनचालक यांना काम मिळते, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो वाटणीचा. पाहुणा तीन गोष्टींसाठी येतो: विरळ हवा, तांबड्या मातीचे रस्ते आणि स्थानिक धावपटूंची सोबत. पहिल्या दोन निसर्गाच्या व समाजाच्या मालकीच्या. तिसरी म्हणजे गरीब तरुणांचे श्रम. तरीही उत्पन्नाचा मोठा वाटा जातो तो ज्याच्यापाशी जमीन व इमारत आहे त्याच्याकडे. पाहुण्याला गती देत पुढे धावणाऱ्या तरुणाला मिळते ती बहुधा खुशीची बक्षिसी. शिवाय दुसऱ्याच्या गतीने धावण्यात त्याचा स्वतःचा सराव बुडतो, तो निराळाच.

गावातील कामारिनी हे सार्वजनिक मैदान 2017 च्या सुमारास नूतनीकरणासाठी बंद झाले आणि पुढे कित्येक वर्षे अपुरेच राहिले. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला खाजगी धावपट्टीचा पर्याय असतो. नवशिक्या मुलांना उरतो तो रस्ता. 2020 मध्ये महामारीने शर्यती आणि पाहुणे दोन्ही एकदमच थांबले, तेव्हा या उपजीविकेचा पाया किती ठिसूळ आहे हेही उघड झाले.

यावर उपाय पाहुण्यांना परतवून लावण्याचा नव्हे. सोबत धावण्याचा दर ठरलेला असावा, निवासाच्या उत्पन्नातील ठराविक हिस्सा सार्वजनिक मैदानासाठी राखून ठेवावा आणि त्याचा हिशेब धावपटूंच्याच प्रतिनिधींपुढे मांडला जावा. यात दयेचा भाग नाही. हा हक्काचा भाग आहे.

आपल्यालाही हा विचार परका नाही. साताऱ्यात 2012 पासून यवतेश्वरच्या घाटात अर्धमॅरेथॉन होते, हजारो धावपटू बाहेरगावाहून येतात. याच जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यातून आलेली ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठते. अशा मुलींच्या वाट्याला या गर्दीतून एखादे मैदान, एखादा प्रशिक्षक, दोन वेळचा सकस आहार येतो काय, हे आयोजकांनी आणि शासनाने स्वतःस विचारले पाहिजे. जत्रा भरली म्हणजे गाव समृद्ध झाले, असे होत नाही.