राखाडी किती?

आमच्या पाथरीच्या घरी वडिलांचा कृष्णधवल फोटो आहे. त्याची प्रत काढायला मी स्वस्तातला रंगीत इंकजेट प्रिंटर आणला आणि वडील चक्क हिरवट निघाले! जन्मभर ज्यांना साधं पडसं ठाऊक नव्हतं, त्यांना कावीळ? असलं यंत्र राखाडी छटा निळ्या, गुलाबी, पिवळ्या शाईच्या भेसळीतून करतं. माप जरा चुकलं की माणूस आजारी. नुसत्या काळ्या शाईवर छापावं, तर गालांवर रवा उमटतो. चांगल्या फोटो-प्रिंटरात राखाडी शाई वेगळी असते. पण दुकानदार सांगतो फक्त 'पानाला किती पैसे'! मी बँकेतला कारकून. काटकसर मला शिकवू नका. तरी सांगतो, प्रिंटर घेताना 'रंग किती?' विचारू नका, 'राखाडी किती?' विचारा. आमच्या वडिलांचा एवढा एकच फोटो आहे हो!