प्रिंटर ‘ऑफलाइन’, पण कागद बाहेर येतोय? विंडोजचा नवा नियम आणि ऑफिसमधला टाइमआउटचा गोंधळ

फोनवरून प्रिंट काढताना आपण काय करतो? शेअर, प्रिंट, प्रिंटरचं नाव, झालं. ड्रायव्हर नावाची भानगड फोनवर कुणाला माहीतच नसते. आता ऑफिसमधले विंडोज कॉम्प्युटरही याच वाटेने निघालेत. पहिल्या नोकरीत ‘तू तरुण आहेस ना, बघ जरा प्रिंटर का अडकलाय’ असं ज्यांना हमखास ऐकावं लागतं, त्यांच्यासाठी हा बदल महत्त्वाचा आहे.

नेमकं काय बदलतंय?

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३मध्ये प्रिंटर कंपन्यांच्या ड्रायव्हरबद्दलची योजना जाहीर केली. तिचे टप्पे असे:

- १५ जानेवारी २०२६पासून विंडोज ११साठी कंपन्यांचे नवे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटवर सरसकट येणं बंद.
- १ जुलै २०२६पासून ड्रायव्हर निवडताना विंडोज स्वतःच्या आयपीपी ड्रायव्हरला पहिली पसंती देणार.
- १ जुलै २०२७पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडून कंपन्यांच्या ड्रायव्हरचे बाकी अपडेट तिथून मिळणार नाहीत.

घाबरू नका, चालू प्रिंटर बंद पडणार नाही. कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर टाकण्याची वाटही खुली आहे. या बदलामागचं मोठं कारण सुरक्षेचं. २०२१मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ ही त्रुटी उघड झाली आणि विंडोजच्या प्रिंट व्यवस्थेतून अख्खा कॉम्प्युटर ताब्यात घेता येतो हे जगाला कळलं. बाहेरचे ड्रायव्हर जितके कमी, तितकी घुसायला जागा कमी.

मग टाइमआउटचा संबंध काय?

टाइमआउट म्हणजे ‘किती वेळ वाट बघायची’ याची ठरवलेली मर्यादा. ऑफिसमधल्या बऱ्याच नेटवर्क प्रिंटरना कॉम्प्युटर अजूनही ९१०० नंबरच्या पोर्टवरून डेटा पाठवतो. ही पद्धत एकदम साधी: कनेक्शन जोडा, डेटा ओता, कनेक्शन तोडा. हे काम कुणाचं, किती पानांचं, पूर्ण झालं का, याची पक्की नोंद या पद्धतीत नसते. त्यामुळे काम संपलं की मधेच थांबलं, हे प्रिंटरला घड्याळ बघून ठरवावं लागतं.

समजा, अकाउंट्समधून ८० पानांचा रिपोर्ट सुटला आणि सॉफ्टवेअर मधेच आकडेमोड करत २० सेकंद थांबलं. एचपीच्या अनेक लेझरजेट प्रिंटरवर ही वाट बघण्याची मूळ मर्यादा १५ सेकंद असते. १५ सेकंद झाले की प्रिंटर म्हणतो, ‘संपलं वाटतं’. तो अर्धा रिपोर्ट छापून मोकळा होतो आणि दुसऱ्याचं काम हातात घेतो. पहिल्याचा उरलेला डेटा नंतर आला, तर त्याची सुरुवातच हरवलेली असते. मग पानभर विचित्र अक्षरं छापून येतात आणि कागदाची रिम वाया जाते.

उलट मर्यादा फार मोठी ठेवली, तर कुणीतरी प्रिंट देऊन लगेच लॅपटॉप मिटतो आणि जेवायला जातो. प्रिंटर त्याच्यासाठी ताटकळत बसतो आणि मागे सगळ्यांची रांग लागते.

खरा तोटा कागदाचा नाहीच. प्रिंट आली नाही असं समजून माणूस पुन्हा बटण दाबतो. मग पगाराची स्लिप दोनदा निघते, एक प्रत ट्रेमध्ये पडून राहते आणि कुणीही वाचतं. बिलाच्या दोन प्रती निघतात आणि दोन्ही ग्राहकाकडे जातात. बोलणी मात्र सगळ्यात ज्युनियर माणूस खातो.

कुठे बघायचं?

*पहिलं, कॉम्प्युटरवर.* सेटिंग्जमधून प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये जा आणि ‘अॅडव्हान्स्ड’ टॅब उघडा. तिथे ‘शेवटचं पान स्पूल झाल्यावर प्रिंटिंग सुरू करा’ असा पर्याय असतो. तो निवडला की पूर्ण फाइल आधी तयार होते, मगच प्रिंटरकडे जाते. पहिलं पान थोडं उशिरा येतं, पण मधली विश्रांती टळते. टाइमआउटला हात लावण्याआधी हे करून बघा.

*दुसरं, पोर्ट्स टॅबमध्ये ‘कॉन्फिगर पोर्ट’.* इथे ‘एसएनएमपी स्टेटस’ची खूण असते. कॉम्प्युटर या मार्गाने प्रिंटरची खबरबात विचारतो. नेटवर्कने ही विचारपूस अडवली, की धडधाकट प्रिंटरही ‘ऑफलाइन’ दिसतो. खूण काढली की हा खोटा ‘ऑफलाइन’ जातो. मात्र कागद संपल्यासारख्या सूचनाही कमी होऊ शकतात, हे लक्षात ठेवा.

*तिसरं, प्रिंटरवर.* प्रिंटरचा आयपी अॅड्रेस ब्राउझरमध्ये टाका, त्याचं सेटिंग पान उघडतं. ‘आय/ओ टाइमआउट’ १५ सेकंदांवर असेल आणि मोठे रिपोर्ट तुटत असतील, तर ६० करून दोन दिवस बघा. एकदम ३०० करू नका. आधी जुना आकडा लिहून ठेवा आणि ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारूनच बदला.

आयपीपी आल्यावर सुटका होईल का?

बऱ्याच अंशी, हो. आयपीपीमध्ये प्रत्येक कामाला प्रिंटर नंबर देतो. कनेक्शन तुटलं तरी ‘त्या नंबरच्या कामाचं काय झालं?’ असं कॉम्प्युटर पुन्हा विचारू शकतो. म्हणजे अंदाजाऐवजी नोंद. फोनवरचं एअरप्रिंट आणि मोप्रिया याच पायावर उभे आहेत.

पण वाट बघण्याची मर्यादा इथेही आहेच. एकाच कामात अनेक फाइल पाठवताना प्रिंटरने पुढच्या फाइलसाठी किती थांबावं, यासाठी आयपीपीचं मानक ६० ते २४० सेकंदांची शिफारस करतं. फरक इतकाच की हा आकडा आता प्रिंटरच्या आत असतो आणि कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये सहसा दिसत नाही. ड्रायव्हर गेला तरी टाइमआउट जात नाही, फक्त त्याचा पत्ता बदलतो.

खरी अडचण आयपीपी न समजणाऱ्या प्रिंटरची आहे. ट्रान्सपोर्टच्या पावत्या छापणारे डॉट मॅट्रिक्स, दुकानातले थर्मल बिल प्रिंटर, सेकंडहँड घेतलेले जुने लेझर. यांना कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. नवा कॉम्प्युटर घेतल्यावर तो आपोआप मिळेलच, हे यापुढे गृहीत धरता येणार नाही. म्हणून ऑफिसमधल्या प्रत्येक जुन्या प्रिंटरचं मॉडेल लिहून काढा आणि त्याची ड्रायव्हर फाइल कंपनीच्या अधिकृत साइटवरून आत्ताच उतरवून जपून ठेवा. भलत्यासलत्या साइटवरून घेतलात, तर ज्या धोक्यासाठी हा सगळा बदल झाला, तोच घरात येईल.

आणि पुढच्या वेळी प्रिंट अडकली तर पुन्हा बटण दाबण्याआधी प्रिंटची रांग उघडून बघा. काम तिथेच असेल, तर दुसरी प्रत मागवू नका.