देणगी आणि मैदान

१९८८ साली आझाद मैदानावर शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेत ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचली. याला निव्वळ दैवी देणगी म्हणणं मला अपुरं वाटतं. मैदान जवळ पडावं म्हणून सचिनला दादरला काका-काकूंकडे ठेवणारं घर होतं, क्रिकेटसाठी बदललेली शाळा होती, आणि थकलेल्या मुलाच्या स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवून गोलंदाजांना कामाला लावणारे रमाकांत आचरेकर सर होते; शेवटपर्यंत बाद झाला नाही, तर नाणं त्याचं. कुणी म्हणेल, दादरच्या शिवाजी पार्कात घाम तर कित्येकांनी गाळला, मग सचिन एकच का? आक्षेप रास्त आहे, उपजत गुण असतोच. पण स्कूटरवरून या मैदानातून त्या मैदानात नेऊन सामन्यामागून सामना खेळवणारं कुणी भेटलं नाही, तर असा गुण परळ-लालबागच्या चाळीतच जिरून जातो, आणि तो कुणाच्या हिशेबातही येत नाही.