पदक कोणाच्या नावावर? आशियाई बेसबॉल आणि सीमाभागातील खेळाडू

चीनमधील हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत ७ ऑक्टोबर २०२३ या एकाच दिवशी चेंडू-फळीच्या दोन खेळांचे निकाल लागले. क्रिकेटमध्ये ऋतुराज गायकवाड याच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाचा अफगाणिस्तानविरुद्धचा अंतिम सामना पावसाने वाहून गेला आणि सरस मानांकनाच्या आधारे सुवर्णपदक भारताला मिळाले. बेसबॉलमध्ये दक्षिण कोरियाने तैवानचा २-० असा पराभव करून सलग चौथे सुवर्णपदक पटकावले. पहिल्या निकालाचा आपल्याकडे गाजावाजा झाला, दुसऱ्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. मात्र खेळातील पदके कोठून येतात, कोणत्या समाजात रुजतात आणि कोणाच्या नावावर जमा होतात हे समजून घ्यायचे असेल, तर हा दुसरा निकालच अधिक बोलका आहे. बेळगाव-निपाणी सीमाभागातील मराठी खेळाडूंच्या दृष्टीने तर त्यात विचार करण्याजोगे बरेच काही आहे.

बेळगावचा या सुवर्णपदकाशी एक अप्रत्यक्ष धागा आहे. जून २०१९ मध्ये श्रीलंका ‘अ’ संघाविरुद्ध नाबाद १८७ धावांची जी खेळी करून गायकवाडने निवड समितीचे लक्ष वेधले, ती बेळगावच्या मैदानावरच झाली होती. म्हणजे पुण्याच्या खेळाडूला भारताच्या दारापर्यंत नेणारी एक पायरी बेळगावात होती. बेळगाव-निपाणीच्या मुलांना अशी पायरी कितपत उपलब्ध आहे, हा खरा प्रश्न आहे.

तीन देशांची मक्तेदारी

आशियाई स्पर्धेत बेसबॉल १९९४ च्या हिरोशिमा स्पर्धेपासून अधिकृतपणे खेळला जातो. हांगझोऊपर्यंतच्या आठ स्पर्धांत मिळून चोवीस पदके दिली गेली. ही चोवीसच्या चोवीस पदके दक्षिण कोरिया, जपान आणि तैवान या तीनच देशांनी आपसांत वाटून घेतली आहेत. सहा सुवर्णे कोरियाची, एक जपानचे आणि एक तैवानचे. चौथ्या देशाला कांस्यपदकही कधी मिळालेले नाही. चीनसारखा क्रीडामहासत्ता म्हणवणारा देशदेखील ही तटबंदी भेदू शकला नाही. भारताचे नाव या यादीत असण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. ऑलिम्पिकमध्ये २००८ नंतर वगळलेला हा खेळ २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये एकदाच परतला आणि तेथे यजमान जपानने सुवर्ण जिंकले. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये बेसबॉल आणि क्रिकेट हे दोन्ही खेळ असतील.

या मक्तेदारीचे स्पष्टीकरण केवळ पैशात किंवा शारीरिक क्षमतेत सापडत नाही. तिन्ही देशांनी तीन वेगळ्या मार्गांनी हा खेळ समाजाच्या तळाशी नेऊन पोहोचवला आहे.

जपानमध्ये पाया शाळेचा आहे. १९१५ पासून तेथे उच्च माध्यमिक शाळांची राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा भरते. तिचे माहेरघर असलेले कोशिएन मैदान १९२४ मध्ये बांधले गेले. उन्हाळी स्पर्धेत प्रत्येक प्रांताचा विजेता शालेय संघ येतो. तोक्यो आणि होक्काइदो यांचे दोन-दोन धरून एकूण एकोणपन्नास. दूरच्या बेटावरील एखाद्या छोट्या शाळेलाही आपल्या प्रांताच्या नावाने त्या मैदानावर उतरता येते, आणि त्या दिवसांत गावेच्या गावे आपल्या शाळेचा सामना पाहण्यासाठी थांबतात. विशेष म्हणजे आशियाई स्पर्धेला जपान आपले व्यावसायिक तारे पाठवत नाही; कंपन्यांच्या संघांतून खेळणारे नोकरदार खेळाडू पाठवतो. हांगझोऊचे कांस्यपदक अशाच खेळाडूंनी आणले.

कोरियात १९८२ मध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली. त्याला एका कायदेशीर प्रोत्साहनाची जोड आहे. तेथील तरुणांना लष्करी सेवा सक्तीची असते. मात्र आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक किंवा ऑलिम्पिकमधील कोणतेही पदक मिळवणाऱ्यास तिच्यात मोठी सूट मिळते. त्यामुळे सुवर्ण आणि रौप्य यांच्यातील अंतर हे तेथील खेळाडूच्या आयुष्यातील ऐन उमेदीच्या काळाचे अंतर ठरते. या व्यवस्थेवर टीकाही झाली. २०१८ च्या स्पर्धेनंतर, केवळ सूट मिळावी म्हणून काही खेळाडूंची वर्णी लावल्याचा आरोप झाला, संघाचे व्यवस्थापक सन डाँग-योल यांना संसदीय समितीपुढे उत्तरे द्यावी लागली आणि अखेर त्यांनी पद सोडले. २०२३ मध्ये म्हणूनच प्रामुख्याने तरुणांचा संघ पाठवण्यात आला, आणि तरीही सुवर्ण आले. पाया भक्कम असला की दुसरी फळीही जिंकते, याचे हे उदाहरण.

तैवानची कथा सीमाभागाला सर्वांत जवळची वाटावी अशी आहे. १९६८ मध्ये ताइतुंग परिसरातील होंग्ये या डोंगराळ आदिवासी खेड्यातील शाळकरी मुलांनी जपानहून आलेल्या मुलांच्या संघाला हरवले. बांबूचा दांडू आणि दगडाचा चेंडू घेऊन सराव करणारी ही मुले रातोरात राष्ट्राची लाडकी झाली. पुढे त्या संघात काही मुले दुसऱ्यांच्या नावाने खेळल्याचेही उघड झाले, म्हणजे ती कथा निष्कलंक नव्हती. पण तिने घडवलेला परिणाम खरा होता. पुढच्याच वर्षी तैवानच्या मुलांनी अमेरिकेत लिटल लीगचे जगज्जेतेपद मिळवले, १९९० मध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली आणि तैवानच्या पाचशे डॉलरच्या नोटेवर बेसबॉल खेळणाऱ्या मुलांचे चित्र आले.

दुसऱ्या नावाची जर्सी

तैवानच्या पदकांना एक बोचरी किनार आहे. १९८१ च्या समझोत्यानुसार हा संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ‘चायनीज तैपेई’ या नावाने उतरतो. विजयानंतर त्याचा स्वतःचा ध्वज फडकत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रीमियर ट्वेल्व्ह स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जपानला ४-० असे नमवताना कर्णधार चेन चिए-शिएन याने फटका सीमापार धाडला आणि धाव पूर्ण करताना जर्सीवरील छातीजवळच्या रिकाम्या जागेभोवती बोटांनी चौकट आखून दाखवली. जेथे देशाचे नाव असायला हवे होते, ती ती जागा होती. घोषणा न देता केलेला तो हावभाव साऱ्या देशाला समजला.

सीमाभागाची तुलना या प्रकरणाशी तंतोतंत होऊ शकत नाही, आणि ती तशी करूही नये. तैवानचा प्रश्न आंतरराष्ट्रीय मान्यतेचा आहे. बेळगाव-निपाणीचा प्रश्न एकाच देशातील दोन राज्यांमधला आहे आणि तेथील खेळाडूच्या छातीवर ‘भारत’ हे नाव अभिमानानेच झळकते. मात्र भारतीय जर्सीपर्यंत पोहोचण्याची वाट राज्याच्या जर्सीतून जाते. तेथेच अडचण सुरू होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि तोवर मुंबई राज्यात असलेला हा मराठीबहुल भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला. ८६५ गावांवर हक्क सांगणारा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. न्यायालयीन वाद चालू असताना पिढ्या थांबत नाहीत. खेळाडूच्या आयुष्यात तर पंधरा ते पंचवीस ही दहाच वर्षे निर्णायक असतात. या काळात निवड चाचणी कोठे, प्रमाणपत्र कोणत्या राज्याचे, शिष्यवृत्ती कोणाची आणि नोकरीतील खेळाडू कोट्याचा लाभ कोणत्या सरकारकडून, या प्रश्नांची उत्तरे त्याला मिळावी लागतात.

निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. तेथील तालमी, शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान, शिवाजी विद्यापीठ ही सारी तासाभराच्या अंतरावर आहेत. बेळगावहून बेंगळुरू मात्र पाचशे किलोमीटरच्या घरात. निपाणीचा मुलगा कोल्हापुरात शिकला तर शालेय आणि विद्यापीठ स्पर्धांत तो महाराष्ट्राच्या बाजूने खेळतो. आपल्याच गावात शिकला तर कर्नाटकाकडून. म्हणजे सराव एका राज्यात, कागदपत्रे दुसऱ्या राज्यात, आणि दोन्हीकडे काहीसा परका, अशी अवस्था ओढवण्याचा धोका त्याच्यासमोर असतो.

वारसा मोठा, वाट अरुंद

या भूमीला पदकांचे किंवा पराक्रमाचे वावडे कधीच नव्हते. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये भारताचा पहिला संघ गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. त्या संघाची उभारणी दोराबजी टाटा आणि पुण्याचे डेक्कन जिमखाना यांच्या पुढाकाराने झाली होती. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते. त्यामुळे बेळगावच्या धावपटूची वाट सहजपणे पुण्यावरून युरोपला गेली. त्याच संघातील कोल्हापूरचे मल्ल रणधीर शिंदे चौथे आले. बेळगाव आणि कोल्हापूर ही एकाच क्रीडासंस्कृतीची दोन अंगणे होती.

पुढे बेळगावातील मराठा लाईट इन्फंट्रीच्या केंद्राने ही परंपरा वेगळ्या मार्गाने जपली. १९५६ आणि १९६४ ची ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकणाऱ्या हॉकी संघांचे गोलरक्षक शंकर लक्ष्मण हे याच रेजिमेंटचे. १९६६ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्ण जिंकले. १९६४ च्या संघातील बंडू पाटील यांचे नाव बेळगावच्या हॉकीशी जोडलेले आहे. आजही रेजिमेंटच्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीत कोवळ्या वयाची मुले कुस्तीसारख्या खेळाचे निवासी प्रशिक्षण घेतात. जपानच्या कंपन्या जे करतात, तेच येथे लष्कर करते: खेळाबरोबर पोटापाण्याची हमी देते. मुलाला खेळू देताना शेतकरी बापाची पहिली चिंता हीच असते.

अलीकडचे उदाहरण २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेचे. बेळगाव तालुक्यातील तुम्मरगुद्दी गावची मलप्रभा जाधव हिने कुराश या खेळात ५२ किलो गटात कांस्यपदक मिळवले. कुराश ही उझबेकिस्तानची पारंपरिक कुस्ती. जॅकेट घालून, उभ्यानेच खेळायची. कमरेखाली पकड नाही आणि जमिनीवरची झटापटही नाही. हा खेळ त्या वर्षी प्रथमच आशियाई स्पर्धेत आला होता. ज्युदोत घडलेली शेतकऱ्याची ही मुलगी त्यात उतरली आणि पदक घेऊन आली. भारताची पिंकी बल्हारा त्याच गटात रौप्यपदकाची मानकरी ठरली.

बेसबॉल आणि कुराश यांची ही दोन चित्रे शेजारी ठेवली की धोरणाची दिशा दिसते. जेथे शतकभराची घडी बसलेली आहे त्या खेळात नव्याने शिरून पदकाची अपेक्षा धरणे व्यर्थ. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना अमेरिकेतील पिट्सबर्ग पायरेट्स संघाने करारबद्ध केले, त्यावर चित्रपटही निघाला. पण त्यातून भारतात बेसबॉल उभा राहिला नाही. दोन खेळाडू शोधणे आणि खेळ रुजवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. उलट ज्या खेळाचे मूळ आपल्या मातीत आहे, त्याच्या नव्या फांदीवर फळ लवकर धरते. मातीतील कुस्ती असलेल्या गावात ज्युदो आणि कुराश परके ठरत नाहीत.

गोव्यासाठीही हा धडा आहे. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत यजमान गोव्याने ९२ पदके मिळवली, पदकतक्त्यात नववे स्थान पटकावले. छोट्या राज्यालाही योग्य खेळ निवडून पुढे जाता येते हे त्यातून दिसले. ते टिकवायचे तर मैदाने, प्रशिक्षक आणि सातत्याने सामने हवेत. चोर्ला घाटापलीकडे शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असलेले बेळगाव गोव्याला भाजीपाला आणि दूध पुरवते. सरावाचे सामनेही पुरवू शकते.

सीमाप्रश्नाचा निकाल न्यायालयात लागेल तेव्हा लागेल. तोवर तीन गोष्टी कोणत्याही राज्याचा दावा न सोडता करता येण्यासारख्या आहेत. महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा यांच्या क्रीडा खात्यांनी सीमाभागातील शाळांची संयुक्त वार्षिक स्पर्धा भरवावी. सीमेपलीकडील प्रशिक्षण केंद्रात सराव करणाऱ्या मुलाचे स्वतःच्या राज्यातील खेळाडूपण धोक्यात येऊ नये, असा परस्पर करार करावा. आणि निवड चाचणीची सूचना मराठी शाळेच्या फलकावर मराठीतही लावावी. यांपैकी एकाही गोष्टीला घटनादुरुस्ती लागत नाही; इच्छाशक्ती मात्र लागते.

२०२६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जपानमधील आयची-नागोया येथे पुन्हा आशियाई स्पर्धा आहे. बेसबॉलच्या विजयमंचावर तेच तीन देश दिसण्याची शक्यता अधिक. त्यामागे शाळा, रोजगार आणि गावाचा अभिमान यांची शंभर वर्षांची सांगड आहे. सीमाभागात अभिमान भरपूर आहे, शाळा आहेत, लष्कराच्या रूपाने रोजगाराची एक वाटही आहे. त्यांची सांगड घालण्याचे काम सरकारांचे आहे. नकाशावरची रेघ पुसता येत नसेल, तर निदान ती धावपट्टीवर आडवी येणार नाही एवढी काळजी तरी त्यांनी घ्यायला हवी.