व्हॅइनो टॅनर : अन्याय्य खटला आणि निसटलेला प्रश्न

१/ फेब्रुवारी १९४६. हेलसिंकीत फिनलंडच्या आठ युद्धकालीन नेत्यांविरुद्धच्या खटल्याचा निकाल लागला. त्यांत माजी राष्ट्राध्यक्ष रिस्तो रूती होते, त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. आणि होते ६४ वर्षांचे समाजवादी नेते व्हॅइनो टॅनर. त्यांना साडेपाच वर्षे. हा खटला अन्याय्य होता. मात्र म्हणून टॅनर निर्दोष ठरतात का?

२/ आधी माणूस समजून घेऊ. १८८१ साली हेलसिंकीत जन्मलेले टॅनर सहकारी चळवळीत घडले. ‘एलान्तो’ या मोठ्या ग्राहक सहकारी संस्थेचे नेतृत्व त्यांनी अनेक वर्षे केले. पुढे आंतरराष्ट्रीय सहकारी संघाचे अध्यक्षपदही भूषवले. क्रांतीपेक्षा हिशेबाच्या वहीवर त्यांचा विश्वास अधिक होता.

३/ १९१८ च्या यादवी युद्धात हीच वृत्ती निर्णायक ठरली. ‘लाल’ आणि ‘पांढरे’ यांच्या त्या संघर्षात व त्यानंतरच्या छावण्यांत मिळून ३६ हजारांहून अधिक माणसे मेली. टॅनर लाल उठावात सामील झाले नाहीत. पराभवानंतर विखुरलेला सोशल डेमोक्रॅटिक पक्ष संसदीय मार्गावर पुन्हा उभा करण्याचे काम मुख्यत्वे त्यांनी केले.

४/ डिसेंबर १९२६ मध्ये ते पंतप्रधान झाले. याच मंत्रिमंडळात मीना सिल्लनपॅ ही देशाची पहिली महिला मंत्री होती. मे १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष आजारी असताना त्यांच्या जागी टॅनर यांनी ‘पांढऱ्यां’च्या विजयदिनाच्या संचलनाची मानवंदना स्वीकारली. ज्यांनी आपल्या सोबत्यांना हरवले त्यांची ही मानवंदना! पक्षातील अनेकांना ते रुचले नाही. परंतु यादवीच्या जखमा भरून येण्यातील तो एक महत्त्वाचा टप्पा होता.

५/ १९३९ च्या शरद ऋतूत वित्तमंत्री टॅनर पासिकिवी यांच्यासह मॉस्कोत स्टालिनसमोर वाटाघाटींना बसले. त्या फिसकटल्या आणि ३० नोव्हेंबरला सोव्हिएत सैन्य चालून आले. स्टालिनने ओत्तो कूसिनेन यांचे बाहुले सरकार उभे केले. कूसिनेन हे एके काळचे टॅनर यांचे पक्षबंधू. तरीही फिनलंडचा कामगार त्या सरकारकडे वळला नाही. टॅनर यांच्या वीस वर्षांच्या राजकारणाला मिळालेली ही सर्वांत मोठी पावती.

६/ परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांनी स्टॉकहोममार्गे, सोव्हिएत राजदूत अलेक्सांद्रा कोलोन्ताय यांच्या माध्यमातून तहाची वाट उघडली. १३ मार्च १९४० रोजी युद्ध थांबले. सुमारे दशांश भूभाग गेला, चार लाखांहून अधिक लोक विस्थापित झाले. पण देश वाचला.

७/ खरा पेच यापुढचा. जून १९४१ मध्ये फिनलंड जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला आणि जुलैमध्ये टॅनर पुन्हा मंत्री झाले. गेलेला प्रदेश परत मिळाल्यावरही फिनिश सैन्य थांबले नाही; जुनी सीमा ओलांडून ते पूर्व कारेलियात घुसले. तिथल्या रशियन नागरिकांसाठीच्या छावण्यांत हजारो माणसे भूक व रोगाने मेली. हे बचावाचे युद्ध नव्हते.

८/ ६ डिसेंबर १९४१ रोजी, नेमक्या फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनी, ब्रिटनने फिनलंडविरुद्ध युद्ध पुकारले. फिनलंडशी झालेल्या १९४७ च्या पॅरिस तहावर म्हणूनच हिंदुस्थानचीही स्वाक्षरी आहे!

९/ आता खटल्याकडे. १९४४ च्या युद्धविरामातील अटीचा आधार घेऊन सोव्हिएत दबावाखाली सप्टेंबर १९४५ मध्ये विशेष कायदा झाला. कृत्य आधी, कायदा नंतर. न्यायासनावर संसदेने निवडलेल्या सदस्यांचे बहुमत. न्यायालय सौम्य शिक्षांकडे झुकताच दोस्तांच्या नियंत्रण आयोगाने हस्तक्षेप केला आणि शिक्षा वाढल्या. ज्या सत्तेने १९३९ मध्ये आक्रमण केले, तिच्याच धाकाने हा न्यायनिवाडा झाला. याला न्याय म्हणणे कठीण आहे.

१०/ परंतु अन्यायी खटल्याने आणखी एक हानी केली, आणि तिची चर्चा कमी होते. परकीयांनी लादलेला निकाल मनाने अमान्य करणे फिनिश जनतेला सोपे गेले. आरोपी हुतात्मे ठरले. मग लोकशाहीवादी समाजवाद्याने हिटलरच्या सहयुद्धकर्त्या सरकारात तीन वर्षे का काढली, पूर्व कारेलियाबाबत त्याची जबाबदारी किती, हे प्रश्न देशाने स्वतःला मोकळेपणाने विचारलेच नाहीत.

११/ टॅनर १९४८ मध्ये सुटले, १९५१ मध्ये पुन्हा संसदेत गेले, १९५७ मध्ये वयाच्या ७६ व्या वर्षी पक्षाध्यक्ष झाले. मॉस्कोचा राग कायम होता. त्याची किंमत पक्षाला सत्तेबाहेर राहून मोजावी लागली. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले.

१२/ कायदेशीर अपराध आणि ऐतिहासिक जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला न्यायालयात ठरतो, दुसरी समाजाने स्वतः ठरवायची असते. १९१८ नंतर पक्ष सावरणारे आणि १९४० मध्ये तह घडवणारे टॅनर थोर होते. १९४१ ते १९४४ चे टॅनर उत्तरदायी होते. खटला खोटा होता म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही.