पूर ओसरला, धोका ओसरला नाही : यवतमाळने आता काय मोजायला हवे?

पावसाळा तोंडावर आला की आमच्या शाळेत पालक एकच प्रश्न विचारतात, "सर, नाल्याला पाणी आलं तर पोरांना लवकर सोडाल ना?" प्रश्न साधा आहे, पण त्यात मोठी गोष्ट दडली आहे. लोकांना धोका कुठे आहे हे ठाऊक असते. तो कागदावर मांडून त्याची तयारी करणे मात्र राहून जाते.

22 जुलै 2023 चा शनिवार यवतमाळकर विसरलेले नाहीत. एका रात्रीत 200 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. शहरातल्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. वाघाडीत घराची भिंत कोसळून एका महिलेचा जीव गेला. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढले आणि तिथे अडकलेल्या चाळीसहून अधिक लोकांसाठी वायुसेनेची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी लोकांना सुखरूप बाहेर काढले. त्यांच्या हिमतीला सलाम. पण या दलाची विदर्भातली तुकडी नागपूरला असते आणि नागपूरहून महागाव दोनशे किलोमीटरहून लांब. रस्ते पाण्याखाली असताना हे अंतर किती तासांचे होते, याचा हिशेब वाचकांनीच करावा. ते पहिले काही तास शेजाऱ्यांच्याच भरवशावर काढावे लागतात.

त्याच्या दोन वर्षे आधी, 28 सप्टेंबर 2021 रोजी, उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटी बस पुलावरच्या पाण्यात वाहून गेली. जीवितहानी झाली. तेव्हा सगळी चर्चा चालकाने गाडी का घातली यावरच झाली. पुलाची उंची किती, पाण्याची पातळी दाखवणारा खांब आहे का, रस्ता अडवायला माणूस कोण, हे प्रश्न मागे पडले. चूक माणसाकडून होतेच. ती जिवावर बेतू नये यासाठी पूल, खांब आणि अडथळा लागतो.

जाणकार धोका मोजताना तीन गोष्टी पाहतात. पहिली, संकट कोणते आणि किती वेळा येते. दुसरी, त्याच्या वाटेत कोण राहते. तिसरी, त्या माणसांत आणि घरांत ते सोसण्याची ताकद किती. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, पण स्लॅबच्या घरात आणि मातीच्या भिंतीच्या घरात त्याचा अर्थ वेगळा होतो. आमच्या जिल्ह्यात नाल्याकाठी कोण राहते? ज्यांना दुसरीकडे जागा परवडली नाही ते. यात मुस्लिम मोहल्ले आहेत, दलित वस्त्या आहेत, बंजारा तांडे आहेत, कोलाम पोड आहेत. पूर जात-मजहब विचारत नाही हे खरे, पण कोणाला कुठे घर मिळाले हे समाजाने आधीच ठरवून ठेवलेले असते.

पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. आपले घर, शाळा, दवाखाना या रेषांच्या आत आहे की बाहेर, हे किती जणांना माहीत आहे? निळ्या रेषेच्या आतला प्लॉट स्वस्त मिळतो म्हणून घेणारा गरीब फसतो, आणि पंचनाम्याच्या वेळी कागद नाहीत म्हणून पुन्हा तोच अडतो.

दुसरा मुद्दा मूलभूत सुविधांचा. त्या एकमेकींना साखळीसारख्या जोडलेल्या आहेत. वीज गेली की नळयोजनेचा पंप बंद. काही तासांत मोबाईल टॉवरची बॅटरी संपते, मग 108 ला फोन लागत नाही. नागपूर-तुळजापूर महामार्ग पाण्याखाली गेला की उमरखेडचा गंभीर रुग्ण शंभर किलोमीटरहून लांब असलेल्या यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचणार कसा? बाळंतपण जवळ आलेली बाई, डायलिसिसचा रुग्ण यांच्यासाठी बंद पूल म्हणजे जिवाचा सवाल. म्हणून कोणता पूल, कोणते उपकेंद्र, कोणती टाकी आधी मजबूत करायची, हे त्यावर किती जीव अवलंबून आहेत ते पाहून ठरवायला हवे.

आणि धोका फक्त पुराचा नाही. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली, तेव्हा याच यवतमाळ शहराने टँकरमागे धावाधाव पाहिली. 2024 मध्ये शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात मार्च आणि जुलैमध्ये 4.5 तीव्रतेचे भूकंप झाले. विजा पडून शेतमजूर दगावण्याच्या बातम्या दरवर्षी येतात. पुण्याच्या हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप जवळच्या विजेची सूचना देते, पण शेतात निंदण करणाऱ्या बाईच्या हातात स्मार्टफोन असतोच असे नाही. तिच्यापर्यंत निरोप पोहोचवणारा माणूस लागतो.

आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा आहे. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. जिल्ह्याचा आराखडा करून दरवर्षी त्याचा आढावा घेणे हे त्यांचे कायदेशीर काम आहे. तो आराखडा मागणे, ग्रामसभेत आणि नगर परिषदेत त्यावर प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे. आपल्याकडे निवेदने निघतात ती पूर आल्यानंतर, मदतीसाठी. एक निवेदन मे महिन्यात नालेसफाईसाठी आणि पुलाच्या कठड्यासाठीही निघाले पाहिजे.

काही काम आपल्याच हातात आहे. मशिदीचा लाऊडस्पीकर ही मोहल्ल्यातली सगळ्यात जलद यंत्रणा आहे. इशारा उर्दू आणि मराठी दोन्हींत द्यावा, म्हणजे शेजारच्या तांड्यालाही कळेल. उंचावरच्या मशिदी, मदरसे, शादीखाने सगळ्यांसाठी निवारा म्हणून आधीच ठरवून ठेवता येतात. 2019 मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात दरड कोसळली, तेव्हा पोथुकलच्या मशिदीने नमाजची जागा शवविच्छेदनासाठी खुली केली होती. मरणारा कोण हे तिथे कोणी विचारले नाही. जमातीने एका वहीत वस्तीतले म्हातारे, अपंग, गरोदर स्त्रिया आणि एकटे राहणारे यांची नोंद ठेवावी. पोहता येणारी, प्रथमोपचार शिकलेली दहा मुले निवडावीत. आधारकार्ड, रेशनकार्ड, घराचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत उंच ठेवावेत.

आम्ही शिक्षक एक छोटा उपक्रम सुचवतो. विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांना विचारावे, पाणी कुठपर्यंत आले होते? त्या खुणा वस्तीच्या नकाशावर मांडाव्यात. सरकारी नकाशात नसलेली माहिती दादी-नानीच्या आठवणीत असते. असा नकाशा शाळेच्या भिंतीवर लागला आणि त्याची प्रत तहसील कार्यालयात गेली, तर पुढच्या पावसात कोणते घर आधी रिकामे करायचे हे तरी कळेल.

"अल्लाह मालिक आहे" हे आम्हीही म्हणतो. पण तवक्कल म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. तयारी करावी, मग दुआ करावी. जून लागायला फार दिवस नाहीत. या जुम्याला नमाजनंतर पाच जण थांबा, आणि वहीचे पहिले पान लिहायला घ्या.